बाजरीची खुरपणी आणि पहिली टर्म

१९८७ च्या जूनमध्ये मी पुण्याला एफ. वाय. बी. ए. ला आलो, तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि आईनं फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी होत्या. आमचं गाव करमाळा तालुक्यातलं. सोलापूर जिल्ह्याच्या या टोकाला पाऊस बेभरवशाचा. खरिपाला बाजरी, तूर, मटकी आणि रब्बीला ज्वारी, एवढ्यावर घर चालायचं. उजनी धरणाचं पाणी तालुक्याच्या एका कडेला आलं होतं, पण आमच्या शिवाराला त्याचा थेंब नव्हता.

गावात साल मोजायचं ते नक्षत्रांवर. मृग, आर्द्रा, पुष्य, मघा, हस्त. पुण्यात आल्यावर दुसरंच पंचांग हातात पडलं. पहिली टर्म जून ते ऑक्टोबर, दुसरी दिवाळीनंतर, आणि विद्यापीठाची परीक्षा वर्षातून एकदाच, मार्च-एप्रिलात. सेमिस्टर हा शब्द तेव्हा आमच्या कानावरही आला नव्हता. ही दोन पंचांगं एकमेकांवर ठेवून बघितली की खेड्यातल्या पोराची अडचण लगेच कळते. टर्म परीक्षा यायची ती ज्वारीच्या पेरणीत. विद्यापीठाची परीक्षा यायची ती ज्वारीची काढणी-मळणी चालू असताना. आणि कॉलेजातलं नाटक यायचं ते ऑगस्टात, ऐन बाजरीच्या खुरपणीत.

हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. ज्यांनी कॉलेजं काढली, त्यांच्यासमोर पेठांमधली, वकील-मास्तर-कारकुनांच्या घरची मुलं होती. फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं, एस. पी. कॉलेज १९१६ चं. पुणे विद्यापीठ झालं १९४९ साली. खेड्यातली पोरं संख्येनं यायला लागली ती स्वातंत्र्यानंतर. त्यांच्या राहण्याखाण्याचा प्रश्न आला, तेव्हा काही माणसांनी तो अंगावर घेतला. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती काढली आणि गावाकडच्या गरीब पोरांना पुण्यात कमी पैशात राहायला जागा झाली. त्याआधीच कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९४७ साली कॉलेज काढून ‘कमवा आणि शिका’चा धडा घालून दिला होता. पुढे पुण्यातही पोरं ग्रंथालयात पुस्तकं लावून, बागेत काम करून फी भरू लागली.

मला वसतिगृहात जागा मिळाली नाही. नारायण पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर राहिलो. एका खोलीत पाच कॉट, कॉटखाली पेटी, भिंतीला खिळा. डबा एस.टी.नं यायचा. ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांना हे सांगायला हवं. सकाळच्या गाडीत आई डबा ठेवून द्यायची, कंडक्टर तो सांभाळायचा आणि दुपारी आम्ही स्वारगेटला जाऊन उतरवून घ्यायचो. डब्याच्या झाकणावर नाव रंगवलेलं असायचं. भाकरी कडक झालेली असायची, पण ठेच्याला घरचा वास असायचा. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. कधी कधी त्या रिकाम्या डब्यात चिठ्ठी असायची. फोन नव्हता, पण डबा बोलायचा.

आता नाटकाकडे येतो. पुण्यातल्या कॉलेजांत नाटकाचं वेड जुनं आहे. ज्याला आज आपण भरत नाट्य मंदिर म्हणतो, त्या संस्थेची मुळं १८९४ साली विद्यार्थ्यांनी काढलेल्या मंडळापर्यंत जातात. पानशेतच्या पुरानंतर दोन वर्षांनी, म्हणजे १९६३ साली, महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनं आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. पुरुषोत्तम करंडक. एकांकिका तासाभराची, करणारी पोरं कॉलेजातली. झगमगाटापेक्षा लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयाला महत्त्व, हा त्या स्पर्धेचा बाणा. राजाभाऊ नातूंनी ती वर्षानुवर्षं सांभाळली. प्रयोग भरत नाट्य मंदिरात. पडदा वर जाण्याआधी पोरं घसा फोडून ओरडायची, ‘अरे आवाज कुणाचा!’ आणि त्याचं उत्तर माडीवरून यायचं.

त्या काळात नाटक करणारी पोरं सगळी पेठेतलीच होती असं मात्र नाही. जब्बार पटेल पंढरपूर-सोलापूरकडचे, बी. जे. मेडिकलमध्ये डॉक्टरकी शिकायला आले आणि नाटकात पडले. त्यांनी बसवलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला याच भरत नाट्य मंदिरात झाला. पुढे ते नाटक परदेशात गेलं. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं होतं की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागलाय आणि त्यावर ‘एकांकिकेसाठी निवड’ असं लिहिलंय.

पहिल्या वर्षी मी गेलोच नाही. १९८७ चं साल कोरडं होतं. बाजरी करपली आणि माझंही धाडस झालं नाही. दुसऱ्या वर्षी गेलो. मला एक उतारा वाचायला दिला. मी वाचला. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालो असणार, कारण मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू आली. बसवणारा मुलगा वाईट नव्हता. म्हणाला, “आवाज चांगलाय रे तुझा, पण उच्चारांचं जमणार नाही. बॅकस्टेजला ये की.” मी गेलो. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. कुणीतरी ‘ये’ म्हणालं होतं.

गंमत अशी की, एकांकिका दुष्काळी गावावरची होती. लिहिणारा शहरातला, करणारेही शहरातले. बापाचं काम करणारा मुलगा प्रत्येक वाक्यात ‘आरं लेका’ घालायचा आणि ‘आहे’ला ओरडून ‘हाय’ म्हणायचा. आईचं काम करणारी मुलगी खुरपायच्या प्रसंगात खुरपं कोयत्यासारखं धरून वरून मारायची. मी विंगेत उभा राहून बघायचो. आठ दिवस गप्प राहिलो. मग एके दिवशी राहवलं नाही. म्हणालो, “असं कुणी खुरपत नाही.”

सगळे माझ्याकडं वळले. मी मंचावर गेलो आणि उकिडवा बसून दाखवलं. डाव्या हातानं तणाची मूठ धरायची, उजव्या हातातलं खुरपं आडवं, मातीला चाटून मुळाशी घालायचं. झटका मनगटात, खांद्यात नाही. ताटाला धक्का लागू द्यायचा नाही. आणि बसल्या बसल्याच पुढं सरकायचं, उठायचं नाही. बापाबद्दलही बोललो. रानातून आलेला माणूस ओरडत नाही. आधी पायावर पाणी घेतो, मग बसतो, आणि पोराला एवढंच विचारतो, ‘खाल्लंस का?’ दुष्काळात तर त्याहून कमी बोलतो. बसवणाऱ्यानं ते सगळं वहीत लिहून घेतलं. मंडईजवळच्या दुकानातून खरं खुरपं विकत आणलं. रोज संध्याकाळी मी त्या मुलीला खुरपायला शिकवू लागलो.

त्याच आठवड्यात डब्यात आबांची चिठ्ठी आली. त्या साली, १९८८ ला, पाऊस चांगला झाला होता. म्हणून बाजरीही जोमात होती आणि तणही. ‘रान गवतानं भरलंय. तुझी आई एकटी पुरत नाही. बायका मिळत नाहीत. रविवार धरून दोन-तीन दिवस ये.’ प्राथमिक फेरीतला आमचा प्रयोग त्याच रविवारी होता.

मी रिकाम्या डब्यात चिठ्ठी ठेवली. ‘परीक्षा आहे, येता येत नाही.’ ऑगस्टात कसली परीक्षा? पण आबांना टर्मचं गणित माहीत नव्हतं, आणि त्यांना ते माहीत नाही हे मला माहीत होतं.

प्रयोग बरा झाला. खुरपणीच्या प्रसंगाला टाळी पडली नाही, पण नाट्यगृह एकदम शांत झालं. विंगेत मला वाटलं, आपणच मंचावर आहोत. अंतिम फेरीत आमचा नंबर लागला नाही. माझं नाव पत्रिकेत शेवटच्या ओळीत ‘रंगमंच साहाय्य’ या खाली होतं. ती पत्रिका अजून आहे माझ्याकडं.

दिवाळीला घरी गेलो. त्या रविवारी आईनं शेजारच्या गावातून चार बायका जास्तीच्या रोजानं आणल्या होत्या आणि रोज चुकता करायला शेळी विकली होती. मला हे थोरल्या बहिणीनं सांगितलं. आई त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. चुलीपुढं बसून तिनं विचारलं, “पेपर बरे गेलं का?” मी “हो” म्हणालो. तिच्या उजव्या तळहातावर खुरप्याचे घट्टे होते. भाकरी थापताना ते दिसत होते.

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नाही. आता सांगतोय, कारण ती माझ्या एकट्याची नाही. त्या काळात कॉलेजच्या मंचामागं उभी राहिलेली कितीतरी पोरं अशीच होती. घरी खोटं सांगून थांबलेली, आणि मंचावर आपल्याच घरची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकणारी.

त्यातली विसंगती मला पुढं कळत गेली. पुणं गावाकडच्या बोलीचं वेडं होतं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाला सभागृहं भरायची, लोक पोट धरून हसायचे. माडगूळकर तर पुणे आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांचं काम बघायचे. म्हणजे बोली पुण्यात परकी नव्हती. पण कथेत शोभणारी तीच बोली वर्गात पोराच्या तोंडातून आली की तिला अशुद्ध म्हणायचे. मी कॉलेजात आलो त्याच वर्षी आनंद यादवांची ‘झोंबी’ प्रसिद्ध झाली. यादव विद्यापीठात मराठी शिकवायचे. शिकण्यासाठी बापाशी आणि रानातल्या कामाशी झगडणाऱ्या पोराची ती गोष्ट आमच्या खोलीत पाचही कॉटवर फिरली. १९९० ला तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोवर मी पदवी घेऊन बाहेर पडलो होतो. आपल्या बोलण्याची लाज वाटायचं कारण नाही, हे मला त्या पुस्तकानं शिकवलं. उशिरा शिकवलं, पण शिकवलं.

मग काळ बदलला. बदलवणारा आमच्याच तालुक्यातला निघाला. जेऊरचे नागराज मंजुळे पुणे विद्यापीठात मराठीत एम. ए. झाले, नगरला सिनेमाचं शिक्षण घेतलं, आणि २०१६ साली ‘सैराट’ आला. करमाळ्याची बोली, करमाळ्याची रानं, विहिरी अख्ख्या महाराष्ट्रानं बघितल्या. त्या सिनेमात बोली हसण्यासाठी नव्हती. पोरं त्याच बोलीत प्रेम करत होती, त्याच बोलीत रडत होती. थेटरात मी शेवटी अंधारात जरा वेळ बसून राहिलो, आणि मला मधूनच ते मंडईतलं खुरपं आठवलं.

आज माझी मुलगी पुण्यात बी. ए. करते. तिचं पंचांग आणखी वेगळं. वर्षाच्या दोन टर्म जाऊन दोन सेमिस्टर आली. दर सेमिस्टरला विद्यापीठाची परीक्षा, शिवाय अंतर्गत गुण, प्रकल्प, सादरीकरण. आमच्यासारखं वर्षभर हिंडून फेब्रुवारीत जागं व्हायची सोय राहिली नाही. जून-जुलैतच ती वहीच्या पानावर सेमिस्टर मांडते. हा आठवडा तालमीचा, हा अंतर्गत परीक्षेचा, हा प्रयोगाचा, इथं गावाकडं दोन दिवस. नव्या शैक्षणिक धोरणात कलेच्या उपक्रमांनाही क्रेडिट मिळतात, असं तिनं सांगितलं तेव्हा मी हसलो. ज्याच्यापायी मी घरी खोटं बोललो, त्याचे आता मार्क मिळतात.

पण सगळं सोपं झालंय असं कुणी समजू नये. कॉट बेसिसचं भाडं आमच्या वेळी बाजरीच्या पोत्यात मोजता यायचं, आता नाही. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात आणि ज्यांना संध्याकाळी कुठंतरी काम करावं लागतं, ती पोरं अजूनही तालमीतून गळतात. सेमिस्टरमुळं तर मोकळा आठवडाच उरला नाही. मंचामागं उभं राहणारं पोर कोण आहे आणि तिथंच का आहे, हे बघणारा कुणीतरी प्रत्येक कॉलेजात लागतो. नियमानं ते होत नाही.

गेल्या ऑगस्टात मी तिला फोन केला. म्हणालो, “बाजरीला खुरपणी आलीय. आज्जी आठवण काढतीय. रविवारी येतीस का?”

ती म्हणाली, “पप्पा, रविवारी प्रयोग आहे माझा. यायचंच नाही म्हणत नाही, पण नंतरच्या शनिवारी येते. आज्जीला फोन द्या, मीच सांगते.”

मी फोन आईकडं दिला. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, ऐकू कमी येतं. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “नाटकात काय व्हनार हाईस तू?” पलीकडून काहीतरी उत्तर आलं. आई हसली. फोन माझ्याकडं देत म्हणाली, “खरं सांगितलं पोरीनं. तू बी सांगितलं असतंस, तर म्या नको म्हनले असते व्हय?”

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. उठून रानात गेलो. एक पात धरली आणि तिन्हीसांजेपर्यंत खुरपत बसलो.