विद्युत्-वाद्यांकडून लोकगीताकडे : 'ग्रेटफुल डेड'चे प्रत्यावर्तन

'ग्रेटफुल डेड' हा अमेरिकन रॉक वाद्यवृंद १९७० मध्ये साध्या गिटारींच्या साथीवरील लोकगीतसदृश रचनांकडे वळला. या घटनेस सामान्यतः परिवर्तन म्हटले जाते; वस्तुतः ते प्रत्यावर्तन होते.

हा वृंद १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाला. त्याचा अग्रणी जेरी गार्सिया हा त्यापूर्वी बँजोवादक होता आणि १९६४ मध्ये जुन्या धर्तीच्या, घरगुती वाद्यांच्या एका मेळात तो गात असे. हॅरी स्मिथ याने १९५२ मध्ये संपादिलेल्या ८४ जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहाने त्या पिढीला लोकगीतांचा परिचय करून दिला होता.

१९६९ च्या 'ऑक्सोमॉक्सोआ' या ध्वनिमुद्रिकेच्या खर्चाने वृंद कर्जबाजारी झाला. पुढील वर्षीच्या 'वर्किंगमन्स डेड' व 'अमेरिकन ब्यूटी' या ध्वनिमुद्रिका साधेपणाने सिद्ध झाल्या, त्यास हेही एक कारण होय. परंतु केवळ काटकसरीने या वळणाची उपपत्ती लागत नाही. १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्को व न्यूयॉर्क येथील कार्यक्रममालिकांत वृंदाने आरंभीचा भाग पुन्हा विद्युत्-गिटारींवाचून सादर केला. त्यांतील निवडक गीते १९८१ च्या 'रेकनिंग'मध्ये आहेत.

त्यांपैकी 'डीप एलम ब्लूज' हे भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे गीत आहे. १९३० च्या दशकात मुद्रित झालेल्या या गीताचा विषय डॅलस शहरातील एल्म रस्त्याभोवतीची वस्ती हा आहे. तेथील बोलीत 'ल्म' या जोडाक्षरात स्वर शिरून 'एलम' झाले. आपल्याकडे 'फिल्म'चे 'फिलम' होते, तीच ही स्वरभक्ती. ही वस्ती एके काळी कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांचे व संगीताचे केंद्र होती. पुढे उन्नत महामार्गाने तिचे दोन भाग पडले आणि तिला उतरती कळा लागली. १९८० मध्ये वृंदाने हे गीत गायिले तेव्हा त्या जुन्या वैभवाचे फारसे काही उरले नव्हते. त्या लोकांचा उच्चार मात्र गीताच्या नावात टिकून होता.

ध्वनिवर्धनाच्या कल्लोळात शब्द बुडतो. साध्या तारांच्या साथीत तो ऐकू येतो. या प्रत्यावर्तनाचे महत्त्व वाद्यांच्या निवडीपुरते नाही. ज्यांची वस्ती विस्कटली त्यांचे बोलणे त्यामुळे शुद्ध करून न घेता, जसेच्या तसे, नव्या श्रोत्यांपर्यंत पोचले. लोकगीताचा खरा वारसा हाच होय.