जमिनीवर पडलेला चिमटा

लसींचा इतिहास शिकवताना आपण बहुधा प्रयोगशाळेच्या दारातच थांबतो. परंतु बाटलीतली लस माणसाच्या दंडात पोहोचेपर्यंत ती ज्या हातांतून जाते, त्या हातांचाही एक इतिहास आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत काम करून प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पोषक द्रवात प्लेगचे जंतू वाढवायचे व उष्णतेने मारायचे, अशी ही पद्धत होती. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस दूरदूरच्या प्रांतांत जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी (ते आज पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिली होती. त्या बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

मग धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले कोठे? परळला, की मुलकोवालला? चौकशी आयोगाने प्रयोगशाळेवर ठपका ठेवला. हाफकिन यांना पद गमवावे लागले.

पण साक्षींमध्ये एक बारीकशी नोंद होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिक आम्लाच्या पाण्यात खळबळून वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि एवढ्याशा धुण्याने ते मरत नाहीत. शिवाय हे जंतू हवेवाचून वाढतात व वाढताना दुर्गंध सोडतात. बंद बाटलीत ते अनेक दिवस असते, तर बूच काढताच घाण वास आला असता. लस देणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता.

रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हा अन्याय मांडला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

आज लस टोचणाऱ्या परिचारिकेला बूच उपसावे लागत नाही. रबरी झाकणातून सुई आत जाते, प्रत्येकासाठी नवी सुई असते, खाली पडलेली सुई टाकून दिली जाते आणि बाटलीचा गट क्रमांक नोंदवला जातो. हे नियम कटकटीचे वाटतात खरे. पण क्रमांकाची नोंद नसती, तर ते १९ मृत्यू एकाच बाटलीशी जोडता आले असते का?

वर्गात हा पुरावा मुलांपुढे ठेवावा, निकाल मात्र सांगू नये. जंतू कोठे शिरले, हे त्यांनाच ठरवू द्यावे.