सुवर्णदुर्गापुढची गोलंदाजी

हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग 1755 मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याकडे होता. त्या वर्षीच्या मार्चमध्ये नानासाहेब पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांनी त्यांच्याविरुद्ध करार केला आणि कमोडोर विल्यम जेम्स 44 तोफांचे ‘प्रोटेक्टर’ जहाज घेऊन महिनाअखेरीस हर्णैला आला. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांभोवती पेशव्यांची फौज होती. इंग्रजी वृत्तान्त खरा मानायचा, तर तिची तोफ एकच, चार पौंडी, तीही दोन मैलांवर. भोवतीचे शिपाई हनुवटीपर्यंत खड्ड्यात. समोरून गोळे येऊ लागले की माणूस आधी अंतर वाढवतो, आणि दोन मैलांवरून नेम नावालाच उरतो.

2 एप्रिलला जेम्सने पश्चिमेकडून सुमारे 800 गोळे डागले. तटाचा बराच भाग अखंड कातळातला, त्यामुळे हाती फारसे लागले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पाण्याची खोली जोखून जहाज किल्ला आणि किनारा यांच्यामध्ये घातले. दोन्ही अंगांच्या तोफा सुरू झाल्या. डोलकाठ्यांवरच्या मचाणांतून बंदूकवाले तटावर असा नेट धरून मारा करीत होते, की गडावरच्या गोलंदाजांना तोफेपाशी उभे राहणे कठीण झाले. तोफा शाबूत असूनही थंडावतात त्या अशा.

जहाजावर मात्र प्रत्येकाचे काम ठरलेले असे: ओला बोळा फिरवून नळी साफ करणे, दारू व गोळा ठासणे, तोफ झरोक्यातून पुढे ओढणे, कानात रंजक भरून बत्ती देणे. धुरात डोळ्यांना दिसत नसले तरी हात चालावेत, यासाठी ही कवायत पुन्हापुन्हा होई. दारू महाग, म्हणून सराव बहुधा कोरडाच. कोरड्या कवायतीची मर्यादा पुढे अमेरिकेत दिसली. 1863 च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर गोळा केलेल्या सुमारे 27,000 बंदुकांपैकी बहुसंख्य भरलेल्याच होत्या आणि हजारोंत एकावर एक बार ठासलेले निघाले. गडबडीत शिपाई भरत राहिले, बार उडालाच नाही हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

सुवर्णदुर्गात एका गोळ्याने कोठीला आग लागली आणि ती दारूकोठारापर्यंत पोहोचली. यात नेमापेक्षा नशिबाचा वाटा मोठा. स्फोटानंतर किनाऱ्यावरचे किल्ले आधी पडले. सुवर्णदुर्गातली शिबंदी तरीही अडून बसली, तेव्हा जहाजांच्या माऱ्याच्या आडून खलाशी उतरले, त्यांनी कुऱ्हाडींनी दरवाजा फोडला आणि किल्ला शरण आला. करारानुसार पुढे तो पेशव्यांना मिळाला, तर बाणकोट इंग्रजांकडे गेले.