चपाला सरोवरकाठची निवृत्तांची वसाहत

मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात, चपाला सरोवराच्या उत्तर काठावर अमेरिकी व कॅनडियन निवृत्तांची वसलेली वस्ती. चपाला, आहिहिक आणि होकोतेपेक ही तिच्यातली ठळक गावे. वस्तीचा जीव मात्र आहिहिकमध्ये आहे. महाग आणि थंड देशातले पेन्शन घेऊन स्वस्त आणि उबदार देशात उतारवय काढायचे, या प्रकाराचा उत्तर अमेरिकेतला हा एक जुना आणि टिकलेला नमुना.

सरोवर ग्वादालाहारा शहराच्या दक्षिणेस सुमारे ५० किमी.वर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मी. उंचीवर आहे. अक्षांश जवळपास नाशिकचा आणि उंची महाबळेश्वराहून थोडी अधिक, एवढे सांगितले की मराठी वाचकाला तिथल्या हवेचा अंदाज येईल. एप्रिल-मे तापतात, जूनच्या मध्यापासून पाऊस लागतो, हिवाळा कोरडा आणि सौम्य असतो. बहुतेक घरांत ना हीटर लागतो ना एसी. मिनेसोटातून किंवा ओंटारिओतून आलेल्या माणसाच्या जमाखर्चातून त्यामुळे एक अख्खे कलम गळून पडते. सरोवर मेक्सिकोतले सर्वांत मोठे असले तरी उथळ आहे. ग्वादालाहाराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग इथूनच उपसला जातो. १९५० च्या दशकात आणि पुन्हा २००१-०२ मध्ये पाणी काठापासून फार आत गेले होते. घरविक्रीच्या जाहिरातींत त्या काळची छायाचित्रे सहसा नसतात.

चपाला हे आधी श्रीमंत मेक्सिकन लोकांचे हवा खाण्याचे ठिकाण होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास इथे येत असत. १९२३ च्या उन्हाळ्यात डी. एच. लॉरेन्स यांनी ‘द प्लूम्ड सर्पंट’ या कादंबरीचा पहिला खर्डा इथेच लिहिला. पाठोपाठ लेखक-चित्रकार आले, कारण भाडे परवडत होते. १९४० च्या दशकात आहिहिकला स्थायिक झालेल्या अमेरिकी प्रवासलेखिका नील जेम्स यांनी गावातल्या मुलांसाठी वाचनालय काढले, त्यांच्या चित्रकलेला उत्तेजन दिले आणि पुढे आपली घर-बाग लेक चपाला सोसायटीला दिली. १९५५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आजही वस्तीचा कट्टा आहे. तिथे ग्रंथालय आहे, स्पॅनिशचे वर्ग आहेत आणि नवख्यांना सल्ला देणारे जुने रहिवासी आहेत. मुलांचे चित्रकलेचे वर्गही चालू आहेत.

राहण्याच्या परवान्याचे गणित मात्र पार बदलले आहे. पर्यटक म्हणून फार तर १८० दिवस राहता येते. त्याहून जास्त राहायचे तर २०११ च्या स्थलांतर कायद्यानुसार साधारणपणे आधी तात्पुरता रहिवास घ्यावा लागतो. तो पहिल्यांदा एक वर्षाचा मिळतो, पुढे वाढवून एकूण चार वर्षांचा होतो. त्यानंतर कायम रहिवास. अर्ज मेक्सिकोबाहेरच्या मेक्सिकन वकिलातीत करायचा असतो. दरमहा उत्पन्नाची अट बहुतेक वकिलाती किमान वेतनाच्या पटीत मोजत आल्या आहेत: तात्पुरत्या रहिवासासाठी गेले सहा महिने दरमहा ३०० दिवसांच्या किमान वेतनाइतके उत्पन्न. २०१८ मध्ये रोजचे किमान वेतन ८८.३६ पेसो होते, २०२४ मध्ये ते २४८.९३ पेसो झाले. म्हणजे अट महिना सुमारे ७४,७०० पेसोंवर, त्या वेळच्या दराने चार हजार डॉलरांच्या पुढे गेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या निवृत्त कामगाराचे सरासरी सोशल सिक्युरिटी पेन्शन १,९०० डॉलरांच्या आसपास होते. गाठीला मोठी बचत असेल तर दुसरा मार्ग आहे, पण फक्त पेन्शनवर जगणाऱ्याला हे दार आता जवळजवळ बंद आहे. ‘स्वस्तात निवृत्ती’ हे जुने वर्णन या आकड्यांपुढे टिकत नाही. मेक्सिकन मजुराला चार पैसे जास्त मिळू लागले म्हणून परदेशी पेन्शनराची अट वाढली, यात गैर काही नाही.

घर घेणे त्यामानाने सोपे आहे. मेक्सिकोच्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमानुसार सीमेपासून १०० किमी. आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किमी.च्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमीन थेट स्वतःच्या नावावर घेता येत नाही, बँकेच्या विश्वस्त-कराराचा वळसा घ्यावा लागतो. चपाला या पट्ट्याबाहेर असल्याने खरेदीखत सरळ नावावर होते. धोका दुसरीकडे आहे: जमीनसुधारणांत गावांना मिळालेली सामायिक जमीन, म्हणजे एहिदो. ती रीतसर खासगी मालकीत आलेली नसेल तर परदेशी खरेदीदाराच्या हाती फक्त कागद राहतो. नोतारिओ, म्हणजे सरकारने नेमलेला ज्येष्ठ वकील, दस्तऐवज तपासतो. त्याची फी वाचवण्याच्या भानगडीत पडू नये.

रोजच्या खर्चात भाजीपाला, मजुरी आणि मालमत्ता कर खरोखरच कमी आहेत. आहिहिकचा बुधवारचा आठवडी बाजार त्याची साक्ष देतो. माळी आणि कामवाली बाई ठेवणे इथे चैन समजली जात नाही. पण त्यांनाही कायदा आहे. २० डिसेंबरच्या आत किमान १५ दिवसांच्या पगाराइतका ‘आगिनाल्दो’, म्हणजे वार्षिक बोनस, द्यावाच लागतो, आणि घरकामगारांची सामाजिक विम्यात नोंदणी आता सक्तीची आहे. हे नव्या मालकाला अनेकदा पहिल्या डिसेंबरात कळते.

वस्तीची किंमत गावाने वेगळ्या प्रकारे मोजली आहे. घरांचे भाव आणि भाडी डॉलरांत बोलली जाऊ लागली की तिथे जन्मलेल्या तरुण जोडप्याला मागच्या गावात सरकावे लागते. २०२० मध्ये आहिहिकला ‘पुएब्लो माहिको’ हा सरकारी पर्यटन-दर्जा मिळाल्यावर शनिवार-रविवारी ग्वादालाहाराहून येणाऱ्यांची गर्दीही त्यात मिसळली. दुसरीकडे दुकाने, दवाखाने आणि बांधकामाची कामे वस्तीमुळेच चालतात, हेही खरे.

सर्वांत कच्चा दुवा प्रकृतीचा. अमेरिकेची मेडिकेअर योजना काही तुरळक अपवाद वगळता देशाबाहेर पैसे देत नाही. मेक्सिकोच्या सरकारी विम्यात रहिवाशाला स्वेच्छेने नाव घालता येते, पण आधीपासूनच्या काही गंभीर आजारांसाठी दार बंद असते. कॅनडात आरोग्यसेवा प्रांतांकडे आहे. ओंटारिओत ती टिकवायला साधारणपणे कोणत्याही १२ महिन्यांत १५३ दिवस प्रांतात राहावे लागते. म्हणून कित्येक कॅनडियन इथे फक्त हिवाळ्यापुरते येतात. तब्येत धडधाकट असेपर्यंत हा व्यवहार फायद्याचा असतो. मोठे दुखणे आले की अनेकांना परतावे लागते, आणि त्यासाठी काही जण मेडिकेअरच्या ‘ब’ भागाचा हप्ता वर्षानुवर्षे इथून भरत राहतात, कारण नोंदणी लांबवली तर दर १२ महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि सहसा तो दंड जन्मभर सुटत नाही. अमेरिकेत आयुष्य काढून उतारवयात पुण्याला किंवा नाशिकला परतणाऱ्या मराठी माणसालाही हाच नियम लागू आहे. मेडिकेअर भारतातल्या रुग्णालयाचे बिल भरत नाही.