फिएम्मे खोऱ्याचें सामाईक रान

सणाच्या मिस्सेच्या वेळीं गायनवृंदांतून व्हायोलिनचा सूर उठतो, तेव्हां त्या वाद्याच्या पातळ फळीचें लांकूड कोठलें असेल, हा विचार क्वचितच कोणाच्या मनांत येतो. उत्तर इटालींत, त्रेंत शहराच्या ईशान्येस, आल्प्स पर्वतांत फिएम्मे नांवाचें खोरें आहे. देवदाराच्या कुळांतील स्प्रूस वृक्ष तेथें विपुल असून त्याचें लांकूड या कामीं फार नांवाजलेलें आहे. क्रेमोनाचा थोर कारागीर स्त्रादिवारी (मृत्यु १७३७) यानेंही तेथील लांकूड वापरलें, अशी परंपरा आहे. परंतु आम्हांस अधिक नवल वाटतें तें त्या रानाच्या राखणीचें.

इ. स. ११११ च्या सुमारास त्रेंतचे बिशप गेबार्दो यांनीं खोऱ्यांतील लोकांशीं करार केला. बिशप हे त्या प्रदेशाचे राजेही होते. लोकांनीं वार्षिक कर द्यावा व आपला कारभार आपण पहावा, असा त्याचा आशय. यांत राजकारण होतेंच. पण त्याच्या आश्रयानें रानें व कुरणें सर्व गांवकीचीं राहिलीं. कावालेझे येथील जुन्या ख्रिस्तमंदिराजवळ दगडी आसनांचें वर्तुळ आजही आहे. तेथें बसून गांवकीचे निवाडे होत. १८०३ मध्यें बिशपांची राजसत्ता संपली, पुढें गांवकीचेही राजकीय अधिकार गेले. रान मात्र आजही तिच्याच मालकीचें आहे.

उंचावरच्या थंडींत हा वृक्ष फार सावकाश वाढतो. त्यामुळें खोडांतील वर्षवलयें बारीक व सारखीं पडतात आणि लांकूड हलकें असूनही ताठ राहतें. वाद्याजोगें झाड व्हावयास दीडशें वर्षें तरी लागतात. वाढ थांबल्यावर, हिंवाळ्याच्या तोंडीं, तेंही कृष्णपक्षांत तें तोडावें, असा जुना रिवाज. मग फळ्या वर्षानुवर्षें हवेंत सुकवावयाच्या. रोप जपणारा आणि वाद्य वाजविणारा यांची गांठ कधीं पडावयाचीच नाहीं! कोणतें झाड पाडावयाचें तें वनरक्षक खूण करून ठरवितात. बाकीचीं बीं गाळण्यास उभीं राहतात.

२०१८ च्या ऑक्टोबरअखेर ‘वाया’ नामक वादळानें ईशान्य इटालींतील सुमारें ४२,००० हेक्टर रान उध्वस्त केलें. फिएम्मेंतही शतायुषी वृक्ष कांहीं तासांत आडवे झाले. मागाहून साल पोखरणाऱ्या किड्यांनीं वादळांतून वांचलेलीं झाडेंही मारलीं. पडलेल्या ओंडक्यांतून वाद्यांजोगें लांकूड वेंचून घेण्यांत आलें. उघड्या पडलेल्या उतारांवर आतां स्प्रूसबरोबर लार्च व रुंद पानांच्या वृक्षांचीं रोपेंही लावतात. त्यांतील स्प्रूसच्या रोपांपासून व्हायोलिनची फळी निघावयास बाविसावें शतक अर्धें उलटावें लागेल.