कांडवेल, कामटी आणि आवाजाच्या लहरी

सिल्वासाचा इतिहास म्हटला की आपली गाडी २ ऑगस्ट १९५४ पाशी येऊन थांबते. मला मात्र इथे मोडलेल्या हाडांचा इतिहास लिहायचाय.

सुश्रुतसंहितेत भग्न हाडाला वड, पिंपळ, अर्जुनाच्या साली आणि बांबू बांधायला सांगितलंय. आपल्याकडचे हाडवैद्यही कामट्या बांधत, कांडवेल वाटून लावत. पुढे प्लास्टर आलं.

मग आवाज आला! १९५७ मध्ये जपानच्या फुकादा आणि यासुदा यांनी दाखवलं, की हाडावर दाब पडला की त्यात वीज तयार होते. त्याच धाग्यावर ब्राझीलच्या लुईझ दुआर्ते यांनी १९८३ मध्ये मांडलं, की कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींनी सशांची हाडं लवकर सांधतात. (पोर्तुगीज बोलणारे इथेही आलेच.) माणसांसाठी रोज २० मिनिटं ठरली. १९९४ च्या अमेरिकी चाचणीत नडगी १५४ ऐवजी ९६ दिवसांत जुळली आणि यंत्राला तिथे मंजुरी मिळाली.

आपल्या कारखान्यांतल्या रोजंदारीवाल्याला ५८ दिवस म्हणजे जवळपास दोन महिन्यांची मजुरी. पण त्या चाचणीत फ्रॅक्चर होती अवघी ६७. २०१६ मध्ये ‘बीएमजे’त ५०१ रुग्णांची चाचणी छापून आली. सगळ्यांच्या नडगीचं ऑपरेशन झालेलं, निम्म्यांचं यंत्र नकली. हाड जुळण्यात काहीच फरक नाही! २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात तज्ज्ञांनी सांगितलं, की हे वापरू नका.

माझ्या मते कामटीनं निदान हाड हलू दिलं नाही, आणि तेही फुकटातल्या बांबूनं.