हिमफलकाची पादबंधने

बर्फाच्छादित उतारावरून दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे रोवून घसरत जाण्याच्या क्रीडाप्रकारातील फळीस हिमफलक किंवा स्नोबोर्ड असे म्हणतात. खेळाडूचे बूट या फळीशी जखडून ठेवणारे साधन म्हणजे पादबंधन होय. फलक व बंधन ही दोन स्वतंत्र साधने असून ती बहुधा वेगवेगळी विकत घेतली जातात. त्यामुळे एखाद्या अपरिचित कारखान्याचा जुना, वापरलेला फलक अल्प किंमतीत मिळाला, तरी त्यावर बसणारे बंधन उपलब्ध आहे की नाही, यावरच त्याची उपयुक्तता अवलंबून असते. या साधनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी फलकावरील छिद्रांच्या मांडणीचा आणि ती मांडणी सर्वमान्य होत जाण्याचा इतिहास आहे. महाराष्ट्रात बर्फ पडत नसल्याने हा खेळ येथे होण्याजोगा नाही. तथापि याच कुळातील एक बंधन सायकलीच्या पेडलाच्या रूपाने नाशिकसारख्या शहरातही पोहोचले असून तेथे हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उद्‌भवतो.

पूर्वपीठिका : हिमफलकाचे बंधन हे स्कीच्या बंधनाचे वंशज आहे. प्राचीन स्कीवर पायाची बोटे अडकविण्यापुरता कातडी पट्टा असे. टाच मोकळी राहिल्याने उतारावर वळण घेणे अवघड जाई. नॉर्वेच्या टेलमार्क भागातील सोंद्रे नूरहाइम (१८२५–९७) याने पिळलेल्या डहाळ्यांचा वेढा टाचेमागून घेऊन पाय स्कीवर अधिक घट्ट बसविला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेलमार्कच्या खेळाडूंनी केलेल्या प्रगतीत या सुधारणेचा मोठा वाटा होता. पुढे १८९४ च्या सुमारास फ्रिट्स ह्यूटफेल्ट याने बुटाच्या पुढील भागास दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लोखंडी कानांची योजना केली. पाय जितका घट्ट बसे, तितका ताबा वाढे. पण पडल्यावर पाय मोकळा न झाल्याने हाड मोडण्याचा धोकाही वाढे. मूळचा नॉर्वेजियन आणि नंतर अमेरिकेत स्थायिक झालेला याल्मार व्हाम याचा पाय १९३७ मध्ये असाच मोडला. त्यानंतर त्याने ठराविक ताण पडताच बूट सोडून देणारे बंधन तयार केले. फ्रान्समधील नेव्हेर येथील लूक या कंपनीने १९५० नंतरच्या काळात याच तत्त्वावरील बंधनांत मोठी प्रगती केली. ताबा मिळावा आणि धोका टळावा, या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालणे हे तेव्हापासून बंधनाच्या रचनेचे मुख्य सूत्र राहिले आहे.

हिमफलकाचा उदय : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे शर्मन पॉपेन (१९३०–२०१९) याने १९६५ च्या नाताळात आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींस जोडून एक खेळणे बनविले. हे खेळणे ‘स्नर्फर’ या नावाने बाजारात आले. त्याच्या टोकाला हातात धरण्यासाठी दोरी होती. पायांसाठी मात्र कोणतेही बंधन नव्हते. पाय निसटू नये म्हणून पृष्ठभाग खडबडीत केलेला असे, एवढेच. पुढे टॉम सिम्स (१९५०–२०१२), डिमिट्री मिलोव्हिच व जेक बर्टन कारपेंटर (१९५४–२०१९) यांनी स्वतंत्रपणे या फळीचे रूपांतर खऱ्या क्रीडासाधनात केले. बर्टन याने १९७७ मध्ये व्हर्माँट राज्यात आपला कारखाना काढला. १९७९ मध्ये मिशिगन राज्यातील स्नर्फर स्पर्धेत तो पायपट्टे लावलेली स्वतःची फळी घेऊन उतरला. अशी फळी नियमांत बसते की नाही यावरून वाद झाला आणि अखेर त्याच्यासाठी खुला विभाग निर्माण करावा लागला. पाय बांधलेला असणे हाच या खेळाचा प्राण ठरणार, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले.

त्यानंतरच्या दशकात जेफ ग्रेल याने टाचेमागे उंच आधारपाट असलेले बंधन तयार केले. या पाटावर पोटरी रेलून खेळाडूस टाचेकडील कड बर्फात दाबता येऊ लागली व कठीण बर्फावरही वळणे घेणे शक्य झाले. याच सुमारास, विशेषतः १९८३ पासून, स्कीच्या मोठ्या केंद्रांनी हिमफलकास हळूहळू प्रवेश दिला. १९९८ मध्ये जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला.

स्कीच्या बंधनाप्रमाणे हिमफलकाचे बंधन पडताना आपोआप सुटत नाही. दोन्ही पाय एकाच फळीवर असल्याने एकच पाय सुटला, तर संपूर्ण फळीचा पीळ दुसऱ्या पायावर येण्याची भीती असते. म्हणून येथे बंधन फळीवर पक्के राहणे, हीच सुरक्षिततेची अट मानली जाते. बंधन फळीपासून उखडणे ही गंभीर दुर्घटना ठरू शकते. छिद्रांच्या मांडणीस महत्त्व आहे ते यामुळेच.

छिद्रांची मांडणी : आरंभीच्या लाकडी फलकांवर बंधन साध्या स्क्रूंनी थेट लाकडात ठोकून बसवीत. पायांतील अंतर किंवा कोन बदलावयाचा झाल्यास नवी छिद्रे पाडावी लागत व जुन्या छिद्रांतून पाणी शिरून लाकूड कुजे. यावर उपाय म्हणून फलक घडवितानाच त्याच्या गाभ्यात, आतून आटे असलेल्या धातूच्या लहान नळ्या बसविण्याची पद्धत आली. या नळ्यांत ६ मिमी. व्यासाचे, ‘एम ६’ मापाचे स्क्रू बसतात. बंधनाच्या तळाशी दात असलेली एक गोल चकती असते. स्क्रू चकतीतून फलकात जातात आणि चकतीच्या दातांमुळे बंधन हव्या त्या कोनात पक्के राहते. कारखाना बदलला तरी बंधन तेच राहावे व केवळ चकती बदलावी, हे या रचनेमुळे शक्य झाले.

मात्र नळ्या कोठे बसवाव्यात याबाबत सर्व कारखान्यांत एकमत नव्हते. सर्वांत रूढ झालेल्या मांडणीत चार छिद्रे ४ सेंमी. बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर असतात. तिच्याच दुसऱ्या प्रकारात लांबीच्या दिशेने छिद्रांच्या जोड्या २ सेंमी. अंतरावर येतात. त्यामुळे पायांतील अंतर अधिक बारकाईने ठरविता येते, आणि चकती तीच चालते. बर्टन कारखान्याने मात्र १९९० नंतरच्या दशकात त्रिकोणी मांडणीची तीन छिद्रे स्वीकारली व पुढे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छिद्रांऐवजी एक सलग खाच आणली. या खाचेत स्क्रूच्या ढिबऱ्या मागेपुढे सरकतात. चार छिद्रांची चकती तीन छिद्रांच्या फलकावर बसत नाही आणि तीन छिद्रांची चकती चार छिद्रांच्या फलकावर बसत नाही. केवळ खाचेसाठी बनविलेले बंधन तर छिद्रांच्या फलकावर मुळीच लागत नाही. उलट, अनेक मांडण्यांस चालणाऱ्या चकत्याही बाजारात आल्या. जुन्या फलकांस नवे आयुष्य मिळाले ते मुख्यतः अशा चकत्यांमुळे.

बूट व बंधन : छिद्रे जुळली म्हणजे काम संपत नाही. पट्ट्यांचे बंधन बहुतेक मऊ बुटांना चालते, परंतु बूट बंधनाच्या तळपाटापेक्षा लांब वा रुंद असेल, तर तो नीट बसत नाही. शिवाय बूट फलकाच्या रुंदीबाहेर फार आला, तर वळताना बोटे किंवा टाच बर्फास घासते व फलक निसटतो. म्हणून मोठ्या पायाच्या व्यक्तीने अरुंद फलक घेणे इष्ट नसते. कठीण कवचाच्या बुटांसाठी वेगळी, तारेच्या कड्यांची बंधने असतात.

१९९० नंतरच्या दशकात पट्ट्यांशिवाय, पाय दाबताच अडकणारी बंधने निघाली. जपानच्या शिमानो या सायकलीचे भाग बनविणाऱ्या कंपनीने अमेरिकेतील केटू या कंपनीच्या सहकार्याने असे एक बंधन बनविले. यात बुटाच्या तळव्यातील धातूचा भाग व बंधनातील खाच एकमेकांस जुळणे अनिवार्य होते. असे बंधन बनणे बंद झाले की, केवळ त्याच्यासाठी बनविलेले बूटही निरुपयोगी ठरतात. एका साधनाचे आयुष्य दुसऱ्याच्या उत्पादनाशी बांधले गेल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

वापरलेला फलक निवडताना : अपरिचित कारखान्याचा फलक असल्यास प्रथम छिद्रांची संख्या व त्यांच्या केंद्रांतील अंतरे पट्टीने मोजणे हा खात्रीचा मार्ग होय. कारखान्याच्या नावावरून मांडणीचा अंदाज बांधणे धोक्याचे असते, कारण एकाच कारखान्याने निरनिराळ्या काळात निरनिराळ्या मांडण्या वापरल्या आहेत. त्यानंतर प्रत्येक नळीत स्क्रू हाताने फिरवून आटे झिजले आहेत काय, हे पाहतात. नळी फलकात सैल फिरत असेल, तर दुरुस्ती अवघड असते. स्क्रूची लांबीही महत्त्वाची आहे : फार आखूड स्क्रू आटे उखडतो, फार लांब स्क्रू तळाच्या बाजूने फुगवटा आणतो. कडेची पोलादी पट्टी गंजलेली किंवा उचकटलेली नसावी, तसेच थर सुटलेले नसावेत. बंधनाच्या प्लॅस्टिकचे पट्टे वर्षानुवर्षे पडून राहिल्यास ठिसूळ होतात व थंडीत अचानक तुटतात. म्हणून जुन्या फलकासोबत आलेले जुने बंधन ठेवण्यापेक्षा नवीन बंधन घेणे बहुधा हितावह ठरते. नवी छिद्रे पाडणे हा शेवटचा उपाय असून त्यामुळे फलकाच्या गाभ्याचे बळ कमी होते.

भारतातील स्थिती : भारतात हिमफलकाचा खेळ मुख्यतः काश्मीरमधील गुलमर्ग, हिमाचल प्रदेशातील सोलांग व उत्तराखंडातील औली या ठिकाणी चालतो. गुलमर्ग येथील रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये व दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा सु. ३,९५० मी. उंचीवर नेतो. २०२० पासून तेथे होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धांत हिमफलकाच्या स्पर्धांचाही अंतर्भाव आहे. महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्या हौशी खेळाडूंना बर्फाचे दिवस वर्षातून थोडेच मिळतात. अशांना नवीन साधनाचा खर्च पेलणारा नसतो, आणि भाड्याने मिळणारे बंधन पायास बसतेच असे नाही. त्यांच्या दृष्टीने जुन्या फलकाचा प्रश्न हौशीचा नसून परवडण्याचा आणि सुरक्षिततेचा आहे.

सायकलीच्या पेडलातील बंधन : लूक कंपनीने स्कीच्या बंधनाचे तत्त्व १९८४ मध्ये सायकलीच्या पेडलात आणले. बुटाच्या तळव्यास तीन स्क्रूंनी एक तुकडा बसवून तो पेडलातील खाचेत अडकवावयाचा व टाच बाहेरच्या बाजूस फिरवून मोकळा करावयाचा, अशी ही रचना आहे. फ्रान्सचा बेर्नार ईनो याने १९८५ ची तूर द फ्रान्स ही शर्यत अशी पेडले वापरून जिंकली आणि स्पर्धात्मक सायकलपटूंनी जुने कातडी पट्टे झपाट्याने सोडून दिले. शिमानोने १९९० मध्ये दोन स्क्रूंची, लहान तुकड्याची पद्धत आणली. याच पद्धतीचा अनुभव पुढे तिच्या हिमफलकाच्या बंधनात उपयोगी पडला. अशा रीतीने स्कीचे तंत्र सायकलीकडे आणि सायकलीचे तंत्र पुन्हा बर्फाकडे गेले.

नाशिक हे लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीसाठी ओळखले जाणारे शहर आहे. येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सु. ४,८०० किमी. ची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. अशा यशामुळे सायकलीकडे वळणाऱ्या तरुणांपैकी अनेकांची पहिली चांगली सायकल वापरलेलीच असते आणि तेव्हा बंधनाचा प्रश्न समोर येतो. बुटात तीन छिद्रे असली, म्हणजे तीन स्क्रूंचा कोणताही तुकडा लागतो. परंतु तो तुकडा पेडलाच्या खाचेत बसेलच असे नाही, कारण निरनिराळ्या कारखान्यांच्या खाचांचे आकार वेगळे आहेत. खुद्द लूकच्या जुन्या व नव्या पद्धतीही एकमेकींस जुळत नाहीत. पेडलाच्या दांड्याचे आटे बहुतांश आधुनिक सायकलींत ९/१६ इंच व्यासाचे असतात. जुन्या फ्रेंच सायकलींत मात्र ते १४ मिमी. चे असत आणि त्यांत आजचे पेडल सरळ बसत नाही. डाव्या पेडलाचे आटे उलटे असल्याने जबरदस्तीने बसविताना ते सहज नासतात. छिद्र मोजून पाहणे, आटे तपासणे आणि जोडीतील दुसरा भाग बाजारात मिळतो याची खात्री करून घेणे, ही तीन पथ्ये हिमफलक व सायकल या दोहोंस सारखीच लागू पडतात.

महत्त्व : एखाद्या साधनाचे आयुष्य त्याच्या मुख्य भागाच्या टिकाऊपणावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ते त्याच्या सांध्यावर अवलंबून असते. कारखाना बंद पडला, नाव विस्मरणात गेले, तरी सर्वमान्य मांडणीची चार छिद्रे असलेला फलक आजच्या बंधनासह वापरता येतो. याउलट, नामांकित कारखान्याचा उत्तम फलकही त्याच्या खास मांडणीचे बंधन मिळेनासे झाल्यास भिंतीवरील शोभेची वस्तू बनतो. मापांचे प्रमाणीकरण हा वरवर नीरस वाटणारा विषय आहे. परंतु कमी पैशांत खेळू इच्छिणाऱ्यास खेळाचे दार उघडे ठेवण्याचे काम तोच करतो, ही बाब हिमफलकाच्या बंधनांच्या सु. अर्धशतकाच्या इतिहासातून स्पष्ट होते.